अपघातानंतर काही महिन्यांनी आलेले चलन किंवा समन्स: पैसे भरण्याआधी काय तपासावे

अपघात होऊन आठ-दहा महिने उलटलेले असतात, गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली असते, विम्याचे प्रकरण मंजूर होऊन किंवा फेटाळले जाऊन संपलेले असते, आणि मग एके दिवशी मोबाईलवर चलनाचा संदेश येतो किंवा पोलीस ठाण्यातला शिपाई समन्स घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी खान्देशात पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: ‘भाऊ, पैसा भरी टाक, मिटी जाई.’ हेल्मेटच्या किंवा सिग्नलच्या साध्या चलनाला हा सल्ला पुरतो. अपघाताशी जोडलेल्या कागदाला तो पुरत नाही, कारण तिथे पैसे भरणे म्हणजे काही वेळा ‘चूक माझीच होती’ असे न्यायालयाच्या नोंदीत लिहून देणे असते, आणि पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरचा पक्ष तीच नोंद काढून दाखवतो. म्हणून भरायचे की लढायचे, हे कागद ओळखून आणि तारखा जुळवूनच ठरवावे.

कागद कोणाकडून आला आहे

उशिरा येणारे कागद साधारणपणे चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला उत्तर देण्याची जागा वेगळी असते. वाहतूक पोलिसांचे किंवा आरटीओचे ई-चलन हा पहिला प्रकार; त्यावर चलन क्रमांक, गाडी क्रमांक, कलम, ठिकाण, वेळ आणि बहुतेक वेळा छायाचित्र असते. दुसरा प्रकार म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३३ खालची पोलिसांची विचारणा, ज्यात ‘अमुक दिवशी आपले वाहन कोण चालवत होते’ एवढेच विचारलेले असते. ही विचारणा निरुपद्रवी वाटते आणि म्हणून बरेच जण ती कपाटात टाकतात. परंतु तिला उत्तर न देणे हाच कलम १८७ खाली स्वतंत्र गुन्हा ठरतो. तिसरे म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचे समन्स, ज्यावर न्यायालयाचा शिक्का, खटला क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. चौथी म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. ती दंडाची नसून जखमी व्यक्तीने किंवा मृताच्या वारसांनी मागितलेल्या भरपाईची असते, आणि तिची प्रत विलंब न करता, लेखी पोच घेऊन, अपघाताच्या दिवशी ज्या कंपनीची पॉलिसी चालू होती त्या विमा कंपनीकडे द्यावी लागते.

पाचवा प्रकारही सध्या जोरात आहे, तो म्हणजे बनावट चलन. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) येते आणि ती उघडताच बँक खात्याचा ताबा जातो. खरे चलन पाहण्यासाठी कोणतीही फाईल उतरवून घ्यावी लागत नाही. संदेशातल्या दुव्यावर बोट न ठेवता महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः जावे. या दोन्ही संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असतो. तिथे गाडी क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे काही अंक भरले की गाडीवरची सगळी थकीत चलने दिसतात. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

न्यायालयाचे समन्स खरे आहे का, हेही घरबसल्या पडताळता येते. ई-कोर्ट्स सेवेच्या अ‍ॅपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव टाकले की प्रकरण केव्हा दाखल झाले, कोणत्या कलमांखाली आहे आणि पुढची तारीख कोणती, हे समजते. अपघात ज्या हद्दीत झाला त्याच हद्दीतल्या न्यायालयात खटला चालतो, आपण राहतो तिथे नव्हे. आपल्याकडे घाटांमुळे याचा घोळ होतो. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटाचा खालचा भाग जळगाव जिल्ह्यात आणि वरचा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतो. शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडून बिजासन घाट लागला की मध्य प्रदेश सुरू होतो. त्यामुळे समन्स अनपेक्षित गावाहून आले म्हणून ते खोटे समजू नये. घटनास्थळ पंचनाम्यात कुठे दाखवले आहे, ते आधी पाहावे.

तारखांचे गणित

कागद खरा निघाला की एका कोऱ्या पानावर चार तारखा एकाखाली एक लिहाव्यात: अपघाताची, नोटीस रवाना झाल्याची, न्यायालयात प्रकरण दाखल झाल्याची आणि कागद आपल्या हातात पडल्याची. नोटीस पोस्टाने आली असेल तर लिफाफा मुळीच फेकू नये. नोटिशीवर टंकलेली तारीख आणि लिफाफ्यावरच्या शिक्क्याची तारीख यांत कधी कधी महिन्यांचे अंतर असते, आणि ते अंतर सिद्ध करणारा तुमच्याकडचा पुरावा तो लिफाफाच असतो. शिपायाकडून समन्स घेताना सही करावी लागते. सहीखाली तारीखही स्वतःच्या हाताने घालावी आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८३ म्हणजे अतिवेग आणि कलम १८४ म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवणे. या दोन गुन्ह्यांपुरते कलम २०९ वाहनचालकाला एक संरक्षण देते, ज्याची आठवण सहसा कोणी करून देत नाही. गुन्हा घडला त्याच वेळी ‘तुमच्यावर खटला भरण्याचा विचार होईल’ अशी ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला किंवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली अथवा नोंदणी टपालाने पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. यांपैकी एकही झाले नसेल तर त्या कलमांखाली दोषी ठरवता येत नाही. मात्र याला दोन अपवाद आहेत. वाजवी प्रयत्न करूनही चालकाचे आणि मालकाचे नाव-पत्ता वेळेत मिळाला नाही, किंवा हा विलंब आरोपीच्याच वागण्यामुळे झाला, असे न्यायालयाला पटले तर हे संरक्षण उरत नाही. अपघातानंतर गाडी तिथेच सोडून शेतातून पसार झालेल्या माणसाने कलम २०९ चा आधार शोधू नये. उलट जो जागेवर थांबला, ज्याने जखमीला दवाखान्यात नेले आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवले, म्हणजे कलम १३४ ने सांगितलेले कर्तव्य पार पाडले, त्याचे नाव-पत्ता पहिल्या दिवसापासून पोलिसांकडे असतो आणि त्याची बाजू इथे भक्कम होते. हेल्मेट, विमा, पीयूसी किंवा परवाना यांच्या चलनांना हे कलम लागू नाही.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी वेगळी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या नियम १६७ ए नुसार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नोंदवलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची असते, चलनासोबत गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसणारे छायाचित्र असावे लागते, यंत्राला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवावी लागते. या नियमांत केंद्र सरकार फेरबदल करत असते. त्यामुळे तक्रारीची किंवा भरण्याची मुदत चलनावर जी छापली असेल ती पाळावी, जुन्या माहितीवर विसंबू नये.

तिसरे गणित मुदतीचे, आणि सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणेही, ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल न्यायालय सहा महिन्यांनंतर घेऊ शकत नाही. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला तीन वर्षे अशी मुदत आहे. कलम १८४ च्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालच्या बेदरकार वाहन चालवण्याला सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे दोन्हींना मुदत एक वर्षाची. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाली असेल तर कलम १२५ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्यामुळे मुदतही तीन वर्षे होते. मृत्यू झाला असेल तर कलम १०६ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि तिथे अशी कालमर्यादाच नाही. एकाच खटल्यात अनेक कलमे असतील तर सर्वांत मोठ्या शिक्षेच्या कलमाची मुदत सगळ्यांना लागते.

परंतु ही मुदत समन्स हातात पडण्याच्या दिवसापर्यंत मोजायची नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात सांगितल्याप्रमाणे ती प्रकरण दाखल होण्याच्या तारखेपर्यंत मोजली जाते. समजा, एरंडोलहून पारोळ्याकडे जाताना एका मोटारसायकलस्वाराचा ट्रॅक्टर-ट्रॉलीशी अपघात झाला, त्यात किरकोळ दुखापत झाली आणि त्याला चौदा महिन्यांनी कलम २८१ चे समन्स मिळाले. चौदा महिने झाले म्हणून खटला संपला असे त्याला वाटेल. ई-कोर्ट्सवर पाहिले तर दोषारोपपत्र पाचव्या महिन्यातच दाखल झालेले असू शकते आणि समन्स केवळ बजावायचे राहिलेले असू शकते. मग मुदतीचा मुद्दा तिथेच गळतो. तेच दोषारोपपत्र तेराव्या महिन्यात दाखल झालेले असेल तर मुद्दा जिवंत आहे, फक्त आरोपी कोण हे उशिरा कळले असल्यास मुदत त्या दिवसापासून धरली जाते, आणि विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे लक्षात ठेवून तो मांडावा लागतो.

भरणे आणि कबूल करणे

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०० खाली काही गुन्हे तडजोड शुल्क भरून मिटवता येतात आणि एकदा ते भरले की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते. विना हेल्मेट, विना सीटबेल्ट, विमा नसणे, ही अशी प्रकरणे. कलम १८४ मात्र या यादीत फक्त वाहन चालवताना मोबाईल हातात धरण्यापुरतेच आहे. बाकी धोकादायक वाहन चालवण्याचा आरोप न्यायालयातच निकाली निघतो. व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे चलनांसाठीच्या ऑनलाइन न्यायालयाच्या, संकेतस्थळावर प्रकरण गेले असेल तर तिथे दंड भरण्यासाठी आधी गुन्हा कबूल असल्याचा पर्याय निवडावा लागतो. ही कबुली आहे, नुसती पावती नव्हे. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपीलही करता येत नाही. करता येते ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरते. भरपाईचा दावा ऐकणारे न्यायाधिकरण निष्काळजीपणाचा निर्णय स्वतंत्रपणे घेते हे खरे, परंतु स्वतःच दिलेल्या कबुलीचे वजन तिथे कमी करणे फार कठीण जाते. माझे मत असे की, अपघातात कोणालाही दुखापत झालेली असेल आणि चलनावर १८४ किंवा २८१ दिसत असेल, तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. नुसते हेल्मेटचे चलन असेल आणि डोक्यावर हेल्मेट खरोखरच नसेल, तर मात्र वाद घालण्यात वेळ घालवू नये.

कलम मान्य नसेल तर व्हर्च्युअल कोर्टावर आव्हान देण्याचा पर्याय निवडावा. प्रकरण मग हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयात जाते. तोपर्यंत ‘बघू नंतर’ म्हणून चलन तसेच ठेवणे हा तिसरा मार्ग नाही. थकीत चलनामुळे गाडी विकताना किंवा परवान्याचे काम करताना आरटीओत अडवणूक होते, आणि समन्सला गैरहजर राहिले की वॉरंट निघते.

कागद जमवणे

अपघातानंतर वेळ जितका गेला असेल तितके पुरावे विरळ झालेले असतात, म्हणून चलन आल्याच्या आठवड्यातच ही धावपळ करावी. पोलीस ठाण्यातून किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावरून प्राथमिक माहिती अहवाल घ्यावा. घटनास्थळ पंचनामा, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासणी अहवाल, गाडी जप्त झाली असल्यास सुपूर्दनामा (ती परत ताब्यात दिल्याचा कागद), आणि दोषारोपपत्राची नक्कल, हे सगळे न्यायालयात नक्कल अर्ज देऊन मिळते. गॅरेजचे बिल आणि विमा सर्वेक्षकाचे फोटो यांना कमी लेखू नये. धडक मागून बसली की समोरून, हे बंपरच्या फोटोइतके स्पष्ट साक्षीदारही सांगत नाही.

विम्याच्या चलनात पॉलिसीवरची नुसती तारीख पाहून भागत नाही. पॉलिसी सुरू होण्याची वेळही तिथे छापलेली असते. अपघात दुपारी बाराला आणि पॉलिसी त्याच दिवशी चारपासून, असे निघाले तर त्या पॉलिसीचा उपयोग नाही. उलट अपघाताच्या क्षणी पॉलिसी चालू होती आणि जवळ फक्त कागद नव्हता, असे असेल तर पॉलिसीची प्रत जोडून चलन रद्द करून मागता येते.

चलनात दाखवलेल्या वेळी गाडी त्या ठिकाणी नव्हतीच, असे तुमचे म्हणणे असेल तर फास्टॅगचा उतारा मागवावा. नशिराबादच्या किंवा लळिंगच्या टोल नाक्यावरची मिनिटासह नोंद असेल आणि चलन त्याच वेळी दूर नवापुरात फाडलेले दिसत असेल, तर बनावट नंबरप्लेटचा संशय घ्यावा व तशी लेखी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. कॅमेऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र, मूळ छायाचित्र आणि नोटीस रवाना केल्याच्या नोंदवहीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

अर्ज कसा लिहावा

ई-चलनाविरुद्धची तक्रार संबंधित संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर नोंदवावी आणि तीच लेखी स्वरूपात जिल्हा वाहतूक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. अर्जात राग, ओळखीपाळखी आणि घरची अडचण यांना जागा देऊ नये. चलन कलम १८३ किंवा १८४ चे असेल तर मजकूर साधारण असा असावा:

‘माझ्या नावावरील वाहन क्रमांक अमुक यावर अमुक क्रमांकाचे चलन अमुक तारखेला मला प्राप्त झाले. त्यातील घटना अमुक तारखेची असून त्या दिवशी झालेल्या अपघाताची खबर मी स्वतः अमुक पोलीस ठाण्यात दिली होती व माझे नाव आणि पत्ता तेव्हापासून पोलिसांकडे आहे. घटनेच्या वेळी मला खटल्याबाबत ताकीद देण्यात आली नव्हती व चौदा दिवसांत कोणतीही नोटीस मिळाली नाही. सबब मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०९ चा विचार करून सदर चलन रद्द करावे, अन्यथा नोटीस पाठवल्याचा पुरावा मला द्यावा. सोबत लिफाफ्याची, प्राथमिक माहिती अहवालाची आणि पॉलिसीची प्रत जोडली आहे.’

यातले शेवटचे ‘अन्यथा’ महत्त्वाचे आहे. चलन रद्द झाले नाही तरी नोटीस पाठवल्याचा पुरावा तुम्ही मागितला होता, याची नोंद राहते.

गाडी विकलेली असेल तर

सुरतला कामाला असलेल्या आपल्या लोकांच्या गाड्यांमध्ये हा प्रकार वारंवार दिसतो. एमएच १८, १९ किंवा ३९ ची, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची, जुनी मोटारसायकल तिकडे कोणाला तरी विकली जाते, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पण गाडी नव्या माणसाच्या नावावर चढतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्यामुळे व्यवहाराची शंभर रुपयांच्या स्टँपवरची नोटरी तुम्हाला भरपाईच्या दाव्यातून सोडवत नाही. फौजदारी बाजूने मात्र चालक कोण होता हा प्रश्न वेगळा आहे. कलम १३३ च्या उत्तरात खरेदीदाराचे नाव, पत्ता, विक्रीची तारीख आणि विक्रीचा कागद जोडून लेखी कळवावे. पत्ता बदलला असेल तर तो तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. आरसीवर अजून गावचा पत्ता आणि बंद पडलेला मोबाईल क्रमांक असेल तर नोटीस परत जाणारच, आणि मग ती मिळाली नाही या तक्रारीला जोर राहत नाही.

न्यायालयातली तारीख

समन्सवरची तारीख चुकवू नये. सकाळी न्यायालय सुरू होण्याआधी पोहोचून त्या दिवसाच्या फलकावर आपला क्रमांक पाहावा. पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारले जाते. तयारी नसेल तर वकील देण्यासाठी आणि कागदपत्रांच्या प्रतींसाठी मुदत मागावी, ती मागण्यात कमीपणा काही नाही. दूर राहणाऱ्याने किंवा आजारी माणसाने वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कलम २०९ चा आणि मुदतीचा मुद्दा तोंडी न सांगता लेखी अर्जाने मांडावा.

राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली असेल तर तिथे तडजोडयोग्य चलने मिटवायला हरकत नाही. १८४ चे प्रकरण त्याच गठ्ठ्यात बांधलेले नाही ना, हे सही करण्याआधी एकेक चलन क्रमांक वाचून पाहावे. प्रकरण कोणत्याही मार्गाने निकाली निघाले तरी आदेशाची प्रमाणित प्रत किंवा भरणा पावती घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून ते चलन थकीत यादीतून उतरले आहे का ते पाहावे. उतरले नसेल तर त्या प्रतीसह वाहतूक शाखेत आणि आरटीओत पुन्हा अर्ज द्यावा, आणि या अर्जाचीही पोच घ्यावी.